ओढ्यात मशीन उतरवण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपल्या बॅचतर्फे वर्गणी काढून गावच्या ओढ्याचं खोलीकरण आणि रुंदीकरण करायचं. ठराव चांगला आहे. मीही त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. पण त्याआधी त्या ओढ्यात जे राहतात त्यांच्या बाजूने चार शब्द बोलावेत, असं मला वाटतं. त्यांना आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी घेतलेलं नाही. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा हे काम माझ्याकडेच येतं.

आपल्या गावाला दोन भाषा आहेत. घरी आपण ज्याला ‘हळ्ळ’ म्हणायचो, त्यालाच शाळेत निबंधात ‘ओढा’ लिहायचो. नाव कोणतंही घ्या, पाणी एकच आहे आणि ते शेवटी भीमेला जातं. आपल्या तालुक्याची बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून येते, कुरनूरच्या धरणात थांबते आणि पुढे भीमेलाच मिळते. भीमा कर्नाटकात जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे दुधनीच्या ओढ्यातला मासा पत्ता लिहायला बसला, तर ‘मुक्काम पोस्ट कृष्णा खोरं’ असाच लिहील. त्याला राज्याची सीमा ठाऊक नाही.

आता ओढ्याचं वर्षभराचं गणित पाहू. आपले ओढे बारमाही नाहीत. पावसाळ्यात दोन-तीन महिने वाहतात, दिवाळीनंतर धार बारीक होते आणि फाल्गुनात तुटते. मग खालच्या बाजूला, वळणावर, खडकाच्या कुशीत तेवढे डोह उरतात. ओढ्याच्या लांबीच्या मानाने हे डोह फार थोडे. पण चैत्र-वैशाखात त्या सगळ्या लांबीतली मासोळी याच चार-दोन डोहांत गोळा झालेली असते. मृगाचा पाऊस पडला, पहिला लोंढा आला, की याच डोहांतून मासे वर चढतात, अंडी घालतात आणि कोरडा पडलेला ओढा पुन्हा भरून काढतात. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी असते ना, तसा डोह ही ओढ्याची कणगी आहे. कितीही ओढ झाली तरी बियाणं दळून खायचं नसतं.

आणि आपण मशीन कधी उतरवतो? बरोबर त्याच दिवसांत. चैत्र-वैशाखात शेतं रिकामी असतात, ओढा कोरडा असतो, पोकलेन आणि डंपर यायला वाट असते. कामाच्या दृष्टीने हाच काळ सोयीचा. पण मशीनवाल्याला सगळ्यात आधी दिसतो तो डोह, कारण तिथे खड्डा आधीच आहे. तिथलं पाणी पंपाने उपसायचं, मग तिथूनच खोदत वर जायचं, म्हणजे काम झटपट होतं. ज्या दोन तासांत ते पाणी उपसलं जातं, त्या दोन तासांत मैल-दीड मैल ओढ्याचं पुढच्या वर्षाचं बियाणं संपतं. कुणाच्याही मनात वाईट हेतू नसतो. उलट मासे सापडले म्हणून त्या दिवशी पोरांना आनंदच होतो.

इथे कुणी विचारेल, माशांना वाचवायला कायदा नाही का? आहे. एक नव्हे, तीन आहेत. ते काय करतात आणि काय करत नाहीत, हे जरा नीट पाहिलं पाहिजे.

पहिला कायदा इंग्रजांचा, १८९७ सालचा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारू नयेत, हे त्याचं सार. मूळ शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. आपल्या राज्याने १९६० साली स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. हे कायदे मासे कसे पकडायचे याबद्दल बोलतात. मासा राहतो कुठे, याबद्दल फारसं नाही.

दुसरा १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण अधिनियम. ज्या वर्षी आपले आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, त्याच वर्षी दिल्लीत हा कायदा झाला. याला अनुसूची म्हणजे याद्या जोडलेल्या आहेत. यादीत नाव असेल त्या प्राण्याला संरक्षण. माशांचं नाव या यादीत फार उशिरा आलं. २००१ साली व्हेल शार्क आला, मग काही शार्क, करवत मासा, समुद्री घोडा असे समुद्रातले आले. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात केरळच्या डोंगरी ओढ्यांतला, शोभेच्या टाक्यांसाठी पकडला जाणारा ‘मिस केरळ’ पहिल्या अनुसूचीत गेला. आपल्या भीमेच्या खोऱ्यातल्या साध्यासुध्या माशांची तिथे वर्णी लागलेली नाही.

या कायद्यातली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवत असे. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही धरलेलं आहे. माशाच्या अंड्यांचा तिथे उल्लेख नाही. मासा गोट्यांच्या फटीत, वाळूवर, पाणवनस्पतीच्या मुळांत अंडी घालतो. तेच त्याचं घरटं. पण कागदावर ते घरटं नव्हे, गाळ आहे, मुरूम आहे, घनमीटरमध्ये मोजायचा माल आहे. म्हणून एखाद्या पोराने डोहात जिलेटिनची कांडी टाकली तर तो गुन्हेगार, आणि मशीनने तो डोहच उचलून नेला तर ते विकासकाम. दोन्हींत मासे मरतात. फरक एवढाच, की कांडीनंतर डोह शिल्लक राहतो.

मग कायदा आणखी कडक करावा का? सगळ्या ओढ्यांना हात लावू नका, असा हुकूम काढावा का? आपण सोलापूर जिल्ह्यातली माणसं आहोत. या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. १९७९ साली नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते, कालवे, घरं सगळं आलं. जमिनीचा व्यवहार करताना, बांधकाम करताना माळढोक आडवा यायला लागला. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत तो पक्षी बिनधास्त चरायचा, त्याच शेतकऱ्याला तो नकोसा झाला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते. पक्षी कमी होण्याची कारणं अनेक आहेत, गवताळ माळ गेले हे त्यातलं मोठं. पण एवढं नक्की, की नकाशावर भली मोठी रेघ मारून पक्षी वाचला नाही आणि माणसंही दुरावली.

साता समुद्रापलीकडेही हाच झगडा झाला. अमेरिकेने १९७३ साली धोक्यातल्या प्रजातींसाठी फार कडक कायदा केला. त्याच वर्षी टेनेसी राज्यात टेलिको नावाच्या धरणाचं काम चालू असताना, त्या नदीत स्नेल डार्टर नावाचा बोटभर मासा सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ साली न्यायालयाने सांगितलं, कायदा म्हणजे कायदा, मासा बोटभर असला तरी धरण थांबेल. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने त्या धरणापुरती सूट दिली आणि दरवाजे बंद झाले. तो मासा दुसऱ्या नद्यांत सोडला, आणखी काही ठिकाणी आढळला आणि २०२२ साली धोक्याच्या यादीतून बाहेर आला. मासा वाचला, पण हा सगळा प्रवास कोर्टकचेरीचा.

त्यातून ते एक शिकले. १९८२ साली त्यांनी कायद्यात वाट ठेवली, की चांगलं काम करताना थोडे मासे अपघाताने मरणार असतील तर आधी आराखडा द्या, नुकसान कमीत कमी कसं ठेवाल ते लिहून द्या आणि मग परवानगी घ्या. आज ओरेगॉन, वॉशिंग्टन या राज्यांत सामन माशांच्या ओढ्यांत दुरुस्तीचं काम करायचं तर यंत्र पाण्यात उतरवायचे ठरावीक आठवडे असतात. कामाच्या जागेला आधी जाळी लावतात, आतले मासे धरून वर-खाली सोडतात, मगच यंत्र उतरतं. कायदा तोच आहे, पण तो आता कामाच्या वेळापत्रकात शिरला आहे.

तिथलीच आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. गेल्या शतकाच्या मधल्या काळात तिथल्या सरकारी खात्यांनी ओढ्यांतले पडलेले ओंडके, फांद्या, झाडं काढून टाकली. सामन माशांची वाट मोकळी व्हावी, हाच हेतू. ओढे स्वच्छ दिसायला लागले, आणि मासे कमी झाले. कारण ओंडक्यांमुळेच पाणी अडायचं, खड्डे पडायचे, सावली मिळायची. आता तीच खाती पैसे खर्चून ओढ्यांत पुन्हा ओंडके टाकताहेत. स्वच्छ दिसणारा ओढा आणि जिवंत ओढा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे खोलीकरणाचा जोर २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानात आला. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं लक्ष्य होतं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी केलेल्या कामाचं उदाहरण गावोगाव दिलं जायचं. त्या अभियानाने पुष्कळ गावांत लोक एकत्र आले, बांधबंदिस्ती झाली, हे नाकारण्याचं कारण नाही. पण सगळीकडची जमीन शिरपूरसारखी नाही. तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, आपल्याकडे काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. गाळ काढला तर पाणी मुरतं. पण मुरूम फोडून खाली गेलं, तर शेजारच्या विहिरीत जे पाणी थांबलं असतं ते ओढ्यात पाझरून येतं आणि उन्हाने उडून जातं. अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे अति खोदाईचा प्रश्न माशांपुरता नाही, तो विहिरींचाही आहे.

मग रस्ता कोणता? मला तो आपल्याच मुलखात दिसतो, आणि तो जुना आहे.

वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे आहे, महादेवाचं ठिकाण. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथे देवीचा डोह. दोन्ही ठिकाणी मोठमोठे मासे आहेत, लोक त्यांना खायला घालतात, कुणी पकडत नाही. आपल्यापैकी ज्यांची सोयरीक कर्नाटकात आहे त्यांनी शृंगेरीला तुंगेच्या घाटावर मासे पाहिलेच असतील. या ठिकाणी माशांची यादी कुणी केली नव्हती. देवाच्या नावाने जागा राखली होती. एवढ्या पायरीपासून तेवढ्या खडकापर्यंत. तेवढ्यात मासा पकडायचा नाही, खाली जाऊन खुशाल पकडा. लोकांनी मासा राखण्याऐवजी डोह राखला आणि डोहाने मासा राखला.

आता नव्या काळातलं उदाहरण. आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या पाण्यात एक छोटा, सोनेरी झाक असलेला मासा आढळला. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. आपल्या हिशेबात सव्वापाच एकर. एकीकडे ८,४९६ चौरस किलोमीटर आणि दुसरीकडे सव्वापाच एकर. पण त्या सव्वापाच एकराची शीव गावाला माहीत आहे, आणि तिथे काय करायचं नाही हेही माहीत आहे. हिरण्यकेशीचं पाणी घटप्रभेतून कृष्णेला जातं, तुंगेचंही तुंगभद्रेतून कृष्णेलाच. आपलंही तिकडेच. एकाच खोऱ्यातली भावंडं आहेत ही.

ही घोषणा ज्या कायद्याने झाली तो मी म्हटलेला तिसरा कायदा, २००२ सालचा जैविक विविधता अधिनियम. तो आपल्याला सर्वात जवळचा आहे, कारण तो दिल्लीत किंवा नागपूरच्या वनभवनात सुरू होत नाही, नगरपरिषदेत सुरू होतो. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि आपल्या हद्दीतल्या जीवांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची, असं तो सांगतो. वारसा स्थळ जाहीर करताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. त्यामुळे कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाईची योजना करण्याची तरतूद त्यातच आहे. आणि राष्ट्रीय प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की लोकांनी स्वतःहून ठरवल्याशिवाय त्यांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर बंधन येऊ नये. माळढोकाच्या वेळी आपल्या लोकांना जे विचारलं गेलं नाही, ते विचारण्याची जागा या कायद्यात आहे. तिचा उपयोग करणं आपल्या हातात आहे.

मघाशी आपले एक शेतकरी मित्र मला चहाच्या टेबलावर म्हणाले, “बाई, आम्हाला पाणी पाहिजे. मासे काय करायचे? आपल्यातले निम्मे तर शाकाहारी.” सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. डोह सोडून काम केलं तर थोडं कमी खोदून होईल. मशीन दोन दिवस जास्त राहील, म्हणजे भाडं वाढेल. हे मी लपवत नाही. पण डोह जिथे असतो तिथे पाणी आधीच टिकतं, म्हणून तर तो डोह आहे. तिथे खोदून नवं पाणी फारसं मिळत नाही. जिथे गाळ साठून ओढा उथळ झाला आहे तिथे खोदलं, तर पाणीही वाढतं आणि त्या गाळाने कुणाचं तरी माळरान काळं होतं. आणि मासे कोण खातं, असं विचाराल तर ज्याच्या घरी मटण वर्षातून दोनदा शिजतं, तो खातो. त्याच्या ताटातला तुकडा आपल्या वर्गणीने जाऊ नये, एवढंच.

दुसरी शंका उलट बाजूची. उद्या पाहणीत खरंच एखादा दुर्मीळ मासा सापडला तर सरकार सगळं कामच बंद पाडेल, मग पाहायचंच कशाला? ही भीती घातक आहे. अशा भीतीने लोक मासा लपवतात. म्हणून मी म्हणते, आपण स्वतःच आधी नियम घालून घेऊ. गावाने स्वतः आखलेल्या आराखड्यावर काम चाललं असेल, तर बाहेरून बंदी आणण्याची वेळच येणार नाही. आणि ओढ्यातली वेडी बाभूळ काढणं, गटाराचं पाणी वळवणं, प्लॅस्टिक आणि बारदान उपसणं ही कामं मासा असो वा नसो, करायलाच हवीत. दुर्मीळ मासा असलेला ओढा घाण ठेवून तो मासा वाचत नाही.

या माशांशी आपल्या भाषेचंही एक नातं आहे. १८२०-३० च्या सुमारास मुंबई सरकारचे अधिकारी कर्नल विल्यम साइक्स दख्खनमध्ये फिरत होते. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्यांनी गोळा केले आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध झाली. नावं ठेवताना त्यांनी कोळ्या-भोयांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून आज जगभरच्या पुस्तकांत टोर खुदरी, मिस्टस सीनगटी, रिटा गोगरा, गॅरा मुल्या अशी नावं आहेत. आपली शिंगटी, आपला घोगरा लॅटिनचा कोट घालून बसले आहेत. त्यातलाच एक नुक्ता, नाकाडावर खाच असलेला. तो आता आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातला म्हणून नोंदला गेला आहे. आपल्या ओढ्यात यातलं काय आहे, हे पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये. पण नाव आपलं आणि मासा मात्र नाहीसा, अशी पाळी येऊ नये.

आता ठरावाकडे येते. माझी सूचना अशी, की ठरावाला सहा अटी जोडाव्यात आणि त्या मशीनवाल्याच्या करारात लिहून घ्याव्यात.

पहिली, पाहणी आधी. माघ-फाल्गुनात, पाणी आटत असताना, आपल्या शाळेची नववीची मुलं आणि गावातले जाणते लोक मिळून ओढा चालत जातील. किती डोह, कुठे, किती खोल, आत काय दिसतं, हे लिहितील. ते पान नगरपरिषदेच्या जैवविविधता नोंदवहीत जाईल.

दुसरी, डोहाला हात नाही. पाहणीत मे महिन्यातही पाणी राहील असे जे डोह ठरतील, त्यांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस पावलांवर चुन्याची रेघ. रेघेच्या आत मशीन नाही आणि पंपही नाही.

तिसरी, गाळ काढायचा, मुरूम फोडायचा नाही. मशीनच्या बादलीत मुरूम दिसला की तिथे थांबायचं. यासाठी मशीनला तासावर पैसे देऊ नयेत, ठरलेल्या कामावर द्यावेत. तासावर दिले की खड्डा खोल होतच जातो.

चौथी, काम एका काठाने. दुसऱ्या काठावरचे करंज, जांभूळ, गवत, मुळ्या तशाच राहू द्यायच्या. सावली गेली की वैशाखात डोहाचं पाणी तापतं. वेडी बाभूळ मात्र दोन्ही काठांची काढा.

पाचवी, मृगाआधी मशीन बाहेर आणि वाट मोकळी. चढणीच्या माशाला वर जाता आलं पाहिजे. सिमेंटचा बंधारा बांधायचा असेल तर कडेने दगडांची उतरंड ठेवा, आणि फळ्यांचा बंधारा असेल तर पावसाआधी फळ्या काढल्याच पाहिजेत.

सहावी, ओढ्यात बाहेरचा मासा सोडायचा नाही. चिलापी नाही, मांगूर नाही. डासांसाठीचे गप्पी मासे टाक्या-हौदांत सोडा, ओढ्यात नको. रोहू, कटला हे मुळातले गंगेच्या खोऱ्यातले, त्यांचं बीज तलावात सोडतात, तिथेच ठीक आहे.

या अटींत एकही अट अशी नाही, की जिच्यासाठी मुंबईहून परवानगी आणावी लागेल. चुन्याची गोणी, एक वही आणि करारातल्या सहा ओळी, एवढाच खर्च. माशांचा कायदा दिल्लीत कितीही चांगला झाला, तरी तो मशीनच्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचत नाही. करारातली ओळ पोहोचते.

आपले भूगोलाचे सर इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी आपल्याला नदीचे भाग शिकवले, उगम, संगम, मुख. सर, आपली परवानगी असेल तर त्यात एक शब्द वाढवते, डोह. पाहणीच्या दिवशी मुलांबरोबर पुढे आपण चालावं, अशी माझी विनंती आहे. आणि वर्गणीदारांना सांगते, माझे पैसे मी आजच देते आहे. पावतीवर मात्र ‘सहा अटींसह’ असं लिहून द्या.